न खोकण्याचं बक्षीस

दमा असलेल्या मुलाच्या घरात बहुधा दोन पंप असतात. एक निळा. दम लागला की तो मारायचा. त्यातलं साल्ब्युटामॉल पाच-दहा मिनिटांत छाती मोकळी करतं. दुसरा रोजचा. त्यात अगदी थोडं स्टेरॉइड असतं, ते श्वासनळ्यांची आतली सूज हळूहळू उतरवतं, आणि तो सकाळ-संध्याकाळ घ्यायचा असतो, मूल ठणठणीत असलं तरीही. घेतल्यावर काही होत नाही. बरं वाटत नाही, वाईटही वाटत नाही. फरक पडायला काही दिवस जातात, कधी आठवडे. आणि फरक म्हणजे तरी काय, तर रात्री जाग न येणं, धावताना न थांबणं, दवाखान्यात न जाणं. जे झालंच नाही त्याचा आनंद सहा वर्षांच्या मुलाला कसा व्हावा? मोठ्यांनाही होत नाही.

तलासरीला ताईच्या घरी निळा पंप टीव्हीखालच्या कप्प्यात, अंधारातही हात पोचेल असा ठेवलेला असायचा. रोजचा पंप फ्रिजवर, लाइटबिलांच्या मागे. घरातल्या वस्तूंच्या जागा बघितल्या की त्या घरात कशावर विश्वास आहे ते कळतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डहाणूत वाढलो, मुंबईत नोकरी. आठवड्यातले तीन दिवस डहाणूच्या घरून काम करतो आणि उरलेले दोन दिवस डहाणू-विरार करत लोकलमध्ये काढतो. माणसांनी आमचं अ‍ॅप रोज उघडावं यासाठी जे जे केलं जातं त्यातलं बरंच कोड माझ्या टीमनं लिहिलेलं आहे. सलग सात दिवस आलात, हा घ्या बिल्ला. आज चुकलात, साखळी तुटली. तेव्हा भाचा रोजचा पंप घेत नाही हे कळल्यावर ताईनं मला फोन केला त्यात नवल नव्हतं. “तुम्ही लोक माणसांना मोबाइलला चिकटवता ना, मग याला त्या पंपाला चिकटव.”

बी. एफ. स्किनरनं उंदीर आणि कबुतरं घेऊन जे सांगितलं ते थोडक्यात असं: कृतीच्या मागोमाग काहीतरी चांगलं घडलं तर ती कृती पुन्हा होते. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला प्रबलन असा जड शब्द आहे. चांगली गोष्ट मिळाली तर ते सकारात्मक, त्रासदायक गोष्ट निघून गेली तर नकारात्मक. (नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षा असं पुष्कळांना वाटतं. नाही. दोन्हींत कृती वाढतेच.) आता निळा पंप बघा. गुदमरणं पाच मिनिटांत निघून जातं. याहून जोरदार प्रबलन कुठलाही अ‍ॅपवाला देऊ शकणार नाही. म्हणजे निळ्या पंपावर भरवसा ठेवायला शरीर स्वतःच शिकवतं, आणि खरा आजार सांभाळणारा जो पंप आहे त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. घरातले निष्काळजी असतात, मूल हट्टी असतं, हे सगळं नंतर. आधी हा सामनाच बरोबरीचा नाही.

त्यात आमच्या भागात दमा हा शब्दच कोणी घेत नाही. त्याला सर्दीचा त्रास आहे, छाती भरते, पावसाळी हवा बाधते. खोकल्याचं सिरप चालतं, कारण ते बाटलीत असतं आणि चमच्यानं देता येतं. तेच औषध पंपातून, कितीतरी कमी मात्रेत, थेट छातीत जातं हे सांगितलं तरी पंप म्हटला की “सवय लागेल” हे ठरलेलं. कोजागिरीला खिरीतून मिळणारं दम्याचं औषध मात्र घ्यायला माणसं रात्रभर रांगेत बसतात. मला त्याची चेष्टा करायची नाही. वर्षातून एक रात्र, चांदणं, चार लोकांची सोबत आणि काम फत्ते. रोजच्या पंपाकडे यातलं काही नाही. त्याला वर्षाकाठी सातशे तीस वेळा उठून उभं राहावं लागतं.

आणि स्टेरॉइड. हा शब्द भाऊजींनी कुठूनतरी वाचला होता. ते उंबरगावला कंपनीत आहेत, शिफ्टमध्ये. तिथल्या कोणीतरी सांगितलं की मूल खुंटतं. हे अगदीच खोटं नाही म्हणून जास्त अवघड. श्वासातून स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांना मोठं होईपर्यंत बघितलेल्या एका अमेरिकी अभ्यासात उंचीत साधारण सव्वा सेंटिमीटरचा फरक आढळला होता. डॉक्टरांनी तो लपवला नाही. फक्त एवढं म्हणाले की गोळीतलं स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि पंपातलं मायक्रोग्रॅममध्ये, आणि रात्र-रात्र न झोपणारं मूलही वाढत नाही. भाऊजी गप्प राहिले. पटलं का ते कळलं नाही.

आमच्या पंपाच्या पाठीवर एक छोटी खिडकी आहे, तिच्यात उरलेल्या मात्रांचा आकडा दिसतो. १२० पासून उलटा मोजत जातो. पंप आणल्याच्या पन्नासाव्या दिवशी, गणपतीत मी तलासरीला गेलो तेव्हा तो ८४ वर होता. दिवसाला दोन म्हणजे शंभर संपायला हव्या होत्या. संपल्या छत्तीस. ताई रोज सकाळी सात वाजता तिच्या जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी निघते, भाऊजी कधी रात्रपाळीवर, तेव्हा पंप देणं सासू-सासऱ्यांकडे. मूल पळायचं, रडायचं, स्पेसरचा मास्क तोंडाला लावला की मान फिरवायचं. आणि पळालं की अख्खं घर त्याच्या मागे. आजी मागून, आजोबा पुढून, शेजारची काकू दारातून. घेतलं की लगेच सगळे आपापल्या कामाला. विचार केला तर न घेण्यालाच बक्षीस मिळत होतं.

पण खरी गोष्ट याहून वाईट होती. ती त्या रात्री कळली.

मी भाच्याशेजारी झोपलो होतो. बाराच्या पुढे कधीतरी जाग आली. तो पालथा पडून उशीत तोंड खुपसत होता. मला वाटलं रडतोय. दिवा लावला तर तो खोकत होता, उशीत दाबून, एकेक खोकला गिळत. बरगड्यांच्या खाली पोट आत ओढलं जात होतं. निळा पंप स्पेसरला लावून दिला, दहा मिनिटांनी श्वास खाली आला. मग म्हणाला, “मामा, आजोबांना नको सांगू.”

ताईच्या सासऱ्यांनी त्याला जूनमध्ये सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत खोकला नाहीस तर गिअरची सायकल. पोरगं मनावर घेईल, थंड पाणी पिणार नाही, पावसात भिजणार नाही, असा त्यांचा साधा हिशेब. पोरानं मनावर घेतलंच. तीन महिने घरात सगळे म्हणत होते, यंदा खोकला कमी आहे हं.

हे मला अजूनही आठवलं की हात गार पडतात. दम्यात मूल बोललं नाही तर घरच्यांकडे दुसरं काहीच नसतं. आदल्या वर्षी एका रात्री त्याला घेऊन महामार्गानं वापीकडे जावं लागलं होतं. ट्रकांच्या रांगेतून, ताईच्या मांडीवर, ओठांचा रंग बदललेला. त्या रात्री निदान तो सांगत तरी होता.

बक्षीस कृतीला द्यावं, परिणामाला नाही, हे नियम म्हणून वाचलं होतं. पंप घेणं मुलाच्या हातात आहे. खोकणं नाही. जे हातात नाही त्यावर सायकल लावली तर मूल हातात आहे ते करणार, म्हणजे लपवणार. आमच्या क्षेत्रात हे रोज दिसतं: तक्रारींची संख्या कमी करा म्हटलं की टीम तक्रारीचं बटणच तीन पडदे आत नेऊन ठेवते.

सकाळी सासऱ्यांना सांगितलं. भाच्यासमोर नाही, अंगणात. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. भातशेती करून, पोरं शिकवून मोठी केलेला माणूस, पासष्टीच्या घरात. मग विचारलं, “किती दिवस असं करत होता?” मला सांगता आलं नाही. पुढच्या आठवड्यात ते वापीला जाऊन सायकल घेऊन आले, दिवाळीची वाट न बघता. भाच्याला म्हणाले, ही सायकल खोकल्याची नाही, तुझी आहे. आणि खोकला आला की सगळ्यात आधी मला येऊन सांगायचं. त्यानं लगेच खोटं खोटं खोकून दाखवलं.

आता रोजच्या पंपाचं काय करायचं? माझ्या डोक्यात तक्ता होता, चांदण्या चिकटवायच्या, दहा चांदण्यांना एक बक्षीस. डहाणूला घरी येऊन हे बोललो तर आजी भडकली.

माझी आजी कोसबाडला बालवाडीचं शिकलेली. आमच्या घरात कोसबाड हे गावाचं नाव कमी आणि न्यायालयाचं जास्त आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या, १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मूळ धागा माँटेसरींचा, आणि माँटेसरींना बक्षीस आणि शिक्षा दोन्ही नकोत. त्यांच्या मते दोन्ही मुलाला बाहेरून वाकवतात. आजीनं आम्हा भावंडांना कधी पहिलं आल्याबद्दल पेढासुद्धा दिला नाही. केला तर सगळ्यांसाठी, आणि निकालाच्या आदल्या दिवशी.

“चांदण्या संपल्या की काय करशील?” तिनं विचारलं.

प्रश्न बरोबर होता आणि त्याच्यावर संशोधनही आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रं काढायची मनापासून आवड असलेली मुलं निवडली. त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. मिळालं. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांच्या जवळपास निम्मा वेळच चित्रांपाशी बसली. खेळाचं काम झालं होतं. आजीला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, हे सांगायला अमेरिकेला कशाला जायला हवं.

मी म्हटलं, पण त्या मुलांना चित्रं आवडत होती. पंप कुणाला आवडतो? जी आवड नाहीच ती मारली कशी जाईल?

त्यावर ती म्हणाली, “तुम्ही त्याला तो पंप कधी हातात दिलाय?”

दिला नव्हता. महागाची वस्तू, मोडेल, औषध वाया जाईल. कायम मोठ्यांच्या हातातून त्याच्या तोंडावर येणारी गोष्ट. कोसबाडच्या लोकांनी जे केलं त्यातलं मला सगळ्यात मोठं वाटतं ते हेच, की मूल शाळेत येत नाही म्हणून त्यांनी मुलाला दोष दिला नाही. पोरं गुरं राखायला जातात? शाळा कुरणावर न्या; ती कुरणशाळा. मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन बसतात? शाळेशेजारी पाळणाघर काढा. पाड्यावरून कोणी येत नाही? पाड्याच्या अंगणात जाऊन बसा. आज देशभर ऐकू येणारा अंगणवाडी हा शब्द तिथूनच निघाला. आमिष दाखवण्याआधी वाटेतला दगड कुठला आहे ते बघायचं.

तर आजी पुढच्या रविवारी तलासरीला आली, सत्तरीच्या वर वय, सहा आसनी टमटममध्ये बसून. तिनं भाच्याला स्पेसर उघडायला दिला. आतली झडप श्वास घेतला की उघडते आणि सोडला की टक् करून मिटते, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. अर्धा तास तो नुसता टक् टक् करत होता. मग तिनं त्याला तो धुवायला शिकवलं. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायचा आणि फडक्यानं न पुसता तसाच निथळत ठेवायचा, कारण पुसलं की प्लॅस्टिकमध्ये वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटून राहतं. आता दर रविवारी स्पेसर तोच धुतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. शाळेत सांगून आलाय की माझ्या डब्यात वीज होते.

औषधाची जागाही हलली. फ्रिजवरून न्हाणीच्या कोनाड्यात, ब्रशच्या पेल्याशेजारी. आधी पंप, मग दात घासणं. स्टेरॉइडनंतर चूळ भरावीच लागते, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. ब्रशच्या आधी ठेवलं की चूळ आपोआप होते. यात बक्षीस कुठंच नाही. तरी दिवसातली निम्मी कटकट इथेच संपली.

निम्मी. बाकीच्या निम्म्यासाठी माझा तक्ता लागलाच, हे आजीला ऐकवायची संधी मी सोडलेली नाही. झडपेचं नवल दहा दिवस टिकलं. अकराव्या दिवशी पुन्हा “नको”. ऑस्ट्रेलियात काही जणांनी स्पेसरलाच शिट्टी आणि फिरणारी चकती बसवली होती, मूल नीट श्वास घेईल तेव्हाच चकती फिरणार. २००३ मध्ये त्यांनी ३२ लहान मुलांवर ते वापरून बघितलं, तर आदल्या दिवशी औषध दिलं असं सांगणारे पालक साध्या स्पेसरच्या मानानं ३८ टक्क्यांनी जास्त निघाले. अभ्यास छोटा, पण कल्पना मला फार आवडते, कारण बक्षीस त्या श्वासातच आहे. महिन्याच्या शेवटी खेळणं मिळेल हे सहा वर्षांच्या मुलासाठी पुढच्या जन्मासारखं.

तलासरीत तसलं काही मिळत नाही. ताईच्या शाळेच्या भिंतीवर मात्र तारपा नाच आहे, आमच्याकडच्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असतो तसा: मध्ये तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती एकमेकांचे हात धरून गोल गोल वाढत जाणारी माणसांची रांग. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी वारली चित्रं कागदावर आणून जगभर नेली, पण आमच्यासाठी ती आधीपासून भिंतीचीच. ताईनं खाकी कागद गेरूनं सारवला, मध्ये तारपेवाला काढला आणि न्हाणीशेजारी चिकटवला. एक मात्रा, एक माणूस. पंप घेतल्याबरोबर, लगेच, तांदळाच्या पिठाच्या पाण्यात काडी बुडवून भाच्यानं स्वतः काढायचा. दोन त्रिकोण, एक डोकं, चार काड्या. वीस सेकंदांचं काम.

त्यात एक नियम मी हट्टानं घातला. औषध चुकलं तर काहीही पुसायचं नाही, रिकामी जागाही सोडायची नाही. आमच्या अ‍ॅपमधली तुटणारी साखळी माणसांना परत आणते हे खरं, पण ती तुटली की बरीच माणसं कायमची निघून जातात, तेही मी आकड्यांत बघितलंय. तारप्याचा फेरा तुटत नाही. एखादा दिवस कोणी आला नाही तर पुढचा माणूस मागच्याचा हात धरतो. आणि दुसरा नियम ताईचा: “शाब्बास, गुणी बाळ” म्हणायचं नाही. काय चांगलं केलं ते बोलायचं. मास्क अगदी घट्ट धरलास. दहा श्वास पूर्ण मोजलेस. ती मास्तरीण आहे, तिला हे माझ्याहून चांगलं जमतं. सासऱ्यांना मात्र शाब्बास म्हटल्याशिवाय राहवत नाही, ते म्हणतात.

पहिल्या महिन्यात साठातली त्रेपन्न माणसं आली. मी खिडकीतला आकडाही तपासला, कारण सवय. जुळला.

सगळं या कागदानं झालं असं म्हणणं खोटं ठरेल. डहाणूत हवेचा विषय निघाला की माझी आई अजून वीज प्रकल्पाच्या चिमणीवर येते. १९९१ मध्ये अख्खा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, तरी धुरातून गंधक काढणारी यंत्रणा बसायला २००७ उजाडलं, तेही न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या प्राधिकरणानं पिच्छा पुरवला म्हणून. तिचा राग योग्य आहे. पण भाच्याच्या नाकापासून चार फुटांवर मागच्या पडवीत चूल होती आणि उशाशी मच्छर अगरबत्ती. अगरबत्ती गेली, मच्छरदाणी आली. आंघोळीच्या पाण्याची चूल न्हाणीपासून लांब, बांधाकडे गेली. त्यावर सासूबाई आठवडाभर बोलत नव्हत्या. उन्हाळ्यात राब भाजतात तेव्हा मात्र काही करता येत नाही. चहूकडून धूर येतो. त्या दिवसांत तो डहाणूला आमच्याकडे असतो, चिकूच्या वाडीत. इथे सुकट वाळत असते, तिच्या वासानं त्याला काही होत नाही, फक्त तो नाक धरतो.

जानेवारीपासून कागद लावलेला नाही. आम्ही ठरवून थांबवलं नाही, तोच कंटाळला. तिसरा फेरा अर्धा झाला होता, तर म्हणाला आता माणसं खूप झाली, बैल काढायचेत. बैलाला वेळ लागतो आणि शाळेला उशीर होतो, म्हणून बैल रविवारी, आणि पंप नुसताच. आजीचा “चांदण्या संपल्या की?” हा प्रश्न माझ्या मनात होताच, म्हणून मी फेब्रुवारीत दर चार दिवसांनी ताईकडून खिडकीचा फोटो मागवायचो. अठ्ठावीस दिवसांत पन्नास. मार्चमध्ये मागवायचं सोडून दिलं. डॉक्टरांनी अजून मात्रा कमी केलेली नाही. एक पावसाळा बघू म्हणाले, म्हणजे पंप आहेच.

परवा पहाटे तीनला त्यानं आजोबांना हलवून उठवलं आणि छाती शिट्टी वाजवतेय म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद कपाटाला चिकटवलेला आहे, त्याप्रमाणे निळा पंप झाला, वीस मिनिटं बघितलं, श्वास मोजले. वापीला जावं लागलं नाही. मग झोप येईना म्हणून दोघं अंगणात बसले, आणि ताई उठेपर्यंत सायकलची चेन काढून ठेवली होती, ती अजून बसलेली नाही.